वीसपैकी सहा मार्कांचे आभार

सोमवार, ११ सप्टेंबर

आज वावुदानं भर वर्गात विचारलं, "बाई, आम्हाला रोज चार ओळी लिहा म्हणता. तुम्ही लिहिता का?" मी म्हटलं, हो. म्हणून आता लिहायला लागतंय. एका थापेपायी ही वही आली, नाहीतर गणिताच्या बाईला वहीत वाक्यं लिहायचं काही कारण नव्हतं.

झालं असं, की समुपदेशनाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिका बाईंनी त्यांचं काम माझ्या गळ्यात घातलं. १४ ऑक्टोबरला फॉर्म फोरचा, म्हणजे शेवटच्या वर्गाचा, निरोपाचा दिवस असतो. पालक येतात, प्रार्थना होते, जेवण होतं, आणि पुढे मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसतात. या वर्षी त्यात भर अशी, की प्रत्येक मुलानं गेल्या चार वर्षांकडे वळून बघायचं आणि कुणातरी एका माणसाचे मनापासून आभार मानायचे. "मनापासून" हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला.

याला कारण गेल्या वर्षीची मुलं. शेवटचा पेपर संपला तशी गणवेशाच्या बाह्या फाडून, आरडाओरडा करत, मिळेल त्या मोटरसायकलीवर बसून ती डोंगर उतरून गेली. आमचे आचारी म्वांदोए बाबा त्यांच्यासाठी तळलेल्या मांदाझींची टोपली घेऊन फाटकात उभे होते. कुणी थांबलं नाही. त्या मांदाझी आम्ही शिक्षकांनी तीन दिवस खाल्ल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्या घशाखाली उतरेनात.

मी म्हटलं, मला समीकरणं शिकवता येतात, आभार शिकवता येत नाहीत. बाई म्हणाल्या, "मग शीक ना, म्कांबुरी. तुझं काय वय झालंय?" एक्केचाळीस झालंय.

न्याम्बू सरांनी आज पुन्हा माझ्या टेबलावर केळ्यांची फणी ठेवली. ते भूगोल शिकवतात, उपमुख्याध्यापक आहेत आणि मोटरसायकलीवरून डोंगरभर हिंडतात. दर पंधरा दिवसांनी केळी आणतात, "घरची आहेत" म्हणतात. चार वर्षं हेच चाललंय. नाही म्हटलं तर तोंड पाडतात, म्हणून घेते.

बुधवार, १३ सप्टेंबर

कोण कुणाचे आभार मानणार, याची यादी केली. मुलं त्रेचाळीस. आई एकोणीस, आजी नऊ, बाबा सहा, काका-मामा चार, पाद्री दोन, देव दोन, आणि एकानं स्वतःचंच नाव दिलंय. देववाल्या दोघांना सांगितलं, की तो १४ तारखेला येईलच असं नाही, दुसरं नाव द्या. स्वतःवाल्याशी वेगळं बोलेन.

वावुदानं आजीचं नाव दिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुणाचे मानणार?" ही मुलगी वकील होणार. मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार करायचं काही नव्हतं. नाव एकच आहे. शिक्षकखोलीच्या खिडकीतून दरीपलीकडच्या डोंगरावर म्शाईताईचं पत्र्याचं घर दिसतं. सकाळी धुकं उठलं की आधी तेच दिसतं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आठवीत तालुक्यात तिसरी आली, हायस्कूलचं पत्र आलं, आणि त्याच महिन्यात बाबा झाडावरून पडले. ताई म्हणाली, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी जाईन. पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी माझं पत्र आलं, आणि मी गेले. याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मयतीला मी एवढंच म्हटलं, की आईला आधीच वोईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. ताई सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "बाईसाहेब शिकल्यात, त्यांना सगळं कळतं. उशाशी मात्र अडाणीच बसली होती." तेव्हापासून बोलणं नाही. चूक तिची आहे, तेव्हा पहिलं पाऊल तिनं उचलायचं.

दुपारी न्याम्बू सर म्हणाले, "तुमची ताई मोम्बासाला चाललीय. लेकाकडे, कायमची. या महिनाअखेरीला नाही, पुढच्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भेटल्या होत्या रस्त्यात."

ताई रस्त्यावर कधीपासून यायला लागली कोण जाणे. मी पेपर तपासत होते, म्हणून "बरं" म्हटलं. संध्याकाळपर्यंत दोन पेपरांची बेरीज चुकवली, जे माझ्या हातून होत नाही.

सोमवार, १८ सप्टेंबर

पत्रं आली. त्रेचाळीसपैकी एकतीस पत्रांची सुरुवात "वरील विषयास अनुसरून" अशी आहे. एकानं आईला "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल" धन्यवाद दिलेत आणि खाली "आपला विश्वासू" लिहून पूर्ण नावानं सही केलीय. एकीनं बाबांना "यापुढेही असाच लोभ ठेवावा" अशी विनंती केलीय. बाबा रोज संध्याकाळी घरीच असतात.

दोष मुलांचा नाही. चार वर्षं आम्ही त्यांना परीक्षेत मार्क मिळवून देणारी पत्रं घोकायला लावली. आता आईला पत्र लिही म्हटल्यावर हात तिकडंच वळतो.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज एक घोटाळा झाला. घोटाळा म्हणजे माझ्या मते तसा नाहीच, पण बाकीच्यांच्या मते आहे.

काल दुपारी चहा घेऊन बसले, पत्रांचा गठ्ठा पुढे ओढला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि त्रेचाळीस पत्रं तपासून टाकली. वीसपैकी मार्क दिले. सर्वांत जास्त चौदा, सर्वांत कमी पाच. समासात शेरे दिले: "मुद्दा अस्पष्ट", "उदाहरण द्या", "आईबद्दल आणखी माहिती हवी". गठ्ठा समोर आला की मी तपासते. सोळा वर्षांचा हात आहे, तो विचारून थोडाच चालतो.

सकाळी परत वाटली. मग मागून कुणीतरी विचारलं, "बाई, आईला हे अकरा मार्कांचे आभार द्यायचे का?"

न्याम्बू सरांना सांगितलं तर ते इतके हसले, की चहा नाकातून आला. मी म्हटलं, त्यात हसण्यासारखं काय आहे, निदान शुद्धलेखन तरी सुधारेल. ते पुन्हा हसायला लागले. या माणसाला हसायला कारण लागत नाही.

मंगळवार, २६ सप्टेंबर

पोरांनी कोऱ्या कागदावर नवी पत्रं लिहायची असं ठरलं होतं. पण वावुदानं आपलं तपासलेलं पत्र तसंच आजीला दिलं होतं, लाल शाईसकट. वीसपैकी सात.

आज तिसऱ्या तासाला आजी शाळेत आली. खालच्या ओढ्यापासून चढून आली होती, हातात काठी, दुसऱ्या हातात पत्र. शिक्षकखोलीत खुर्चीवर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "त्या गणिताच्या बाई कोण?"

मी पुढे झाले.

"माझे तेरा कशात गेले?"

मला आधी कळलंच नाही. मग उलगडा झाला. पत्र तिला शेजारच्यानं वाचून दाखवलं होतं, खालचे मार्कही वाचले होते, आणि शाळेनं आपल्याला आजी म्हणून वीसपैकी सात दिलेत, असं तिचं म्हणणं होतं. "तिची आई गेल्यापासून तिला मी वाढवली," ती म्हणाली. "नऊ वर्षं. तेरा कशात कापले ते दाखवा, मी सुधारेन."

मी समजावलं, की मार्क पत्राला आहेत, तुम्हाला नाहीत. आजी म्हणाली, "पत्र माझ्याबद्दल आहे ना? मग?" न्याम्बू सर कपाटात तोंड घालून नकाशे शोधत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

वावुदाला बोलावलं. ती येऊन दाराशी उभी राहिली, पायाकडे बघत. आजीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "पत्र वाईट होणारच. हिच्या पोटात माझ्यावर राग आहे, माझ्या पोटात हिच्यावर आहे. त्याच्यावर आभार ठेवलेत तर घसरणारच. आधी ते धुवून काढा. परीक्षेला असं भरल्या पोटानं पाठवता होय पोरांना? पाणी आणा, कुतासा करू."

कुतासा म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. घरातल्या कुणाच्याही मनात राग दडून राहिला तर तो घराला बाधतो, म्हणून राग काय तो बोलायचा, तोंडात पाणी नाहीतर उसाची दारू घ्यायची, आणि फवारा मारून बाहेर टाकायची. मग चार चांगले शब्द बोलायचे. आमची आई करायची. आई गेल्यापासून मी चूळ भरायला सोडून तोंडात पाणी घेतलेलं नाही.

म्वांदोए बाबांनी मगात पाणी आणलं. आजी म्हणाली, "मार्च महिन्यात ही मला म्हणाली, तुला काय कळतंय. मी गप्प बसले. ते इथं बसलंय." तिनं गळ्याखाली बोट ठेवलं. मग घोट घेतला आणि असा फवारा मारला, की माझं हजेरीपुस्तक आणि न्याम्बू सरांचा भिंतीवरचा पूर्व आफ्रिका दोन्ही भिजले. "गेलं," ती म्हणाली. "पोर सुखी राहो, तिचं डोकं शांत राहो."

मग वावुदानं मग घेतला. "तू सगळ्यांसमोर म्हणतेस, हिची आई हिच्यापेक्षा हुशार होती," ती म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता येईना. तिनं पाणी तोंडात घेतलं, पण रडू आल्यामुळे फवारा न होता ते हनुवटीवरून ओघळलं. आजी म्हणाली चालेल, पडलं म्हणजे झालं.

दोघी हात धरून फाटकापर्यंत गेल्या. मी हजेरीपुस्तक उन्हात ठेवलं.

बुधवार, २७ सप्टेंबर

मुख्याध्यापिका बाईंची परवानगी काढली. त्यांनी कपाळाला हात लावला. "चर्चवाले विचारतील, शाळेत हे काय चालवलंय?"

"पाणी आहे नुसतं."

"नुसतंच पाणी राहू दे. उसाची दारू दिसली तर तुला आणि त्या आजीला दोघींना फाटकाबाहेर काढेन." मग हळूच म्हणाल्या, "टाकीपाशी करा. मला खिडकीतून ऐकू येईल तिथं."

शुक्रवार, २९ सप्टेंबर

टाकीपाशी त्रेचाळीस मुलं, त्रेचाळीस मग. आधी नुसता धिंगाणा. पहिल्या पाच जणांनी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवण्यापलीकडे काही केलं नाही. मी ओरडणार होते, तेवढ्यात एक शांत मुलगा पुढे आला, ज्याचा आवाज मी चार वर्षांत फारसा ऐकला नव्हता. म्हणाला, "बाबा मला कधी नावानं हाक मारत नाहीत. ए म्हणतात." आणि फवारा मारला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग रांगच लागली. बहिणीनं पेटी उघडून वही वाचली. मामानं वचन दिलं आणि आलाच नाही. मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, का ते सांगितलं नाही. एकानं सांगितलं, की गिथेरीच्या मका-घेवड्यात खडे असतात. स्वयंपाकघराच्या दारातून म्वांदोए बाबा म्हणाले, "मका मी पिकवतो का?" पण नंतर ते स्वतःच मग घेऊन आले आणि गेल्या वर्षीच्या मुलांबद्दल बोलले. टोपलीबद्दल. त्यांनी फवारा मारला तेव्हा सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या, का ते मुलांनाही सांगता आलं नसतं.

माझ्यावरही चार राग निघाले. मी धरून चालले होते एखादा असेल. फॉर्म टूमध्ये फळ्यासमोर उभं ठेवलं. पहिला नंबर आला तरी "ठीक" म्हटलं. एकीचा भाऊ वारला त्या आठवड्यात गृहपाठ मागितला. ते मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. चौथा वावुदाचा: "बाई कधीच म्हणत नाहीत, की माझं चुकलं."

हे मला पटलं नाही. चुकलं असतं तर म्हटलं असतं.

शेवटी मुलं म्हणाली, बाई तुम्ही. मी म्हटलं, माझा घसा बसलाय. मघाशीच चांगली मोठ्यानं बोलत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

सोमवार, २ ऑक्टोबर

नवी पत्रं आली. मी लाल पेन आधीच मुख्याध्यापिका बाईंच्या खणात ठेवून आले होते.

त्या मुलानं बाबांना लिहिलंय: "तुम्ही मला ए म्हणता. पण थंडीच्या दिवसांत सकाळी माझे बूट चुलीपाशी ऊब घेत ठेवलेले असतात. मला वाटायचं आई ठेवते. आई मामाकडे गेली होती तेव्हाही ते तिथेच होते." पत्र एवढंच. "आपला विश्वासू" नाही, काही नाही.

वावुदाचं वाचलं नाही. तिनं पाकीट बंद करून दिलं आणि वर लिहिलं, "तपासू नये."

मला वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला. आनंद झाला, आणि तो झाल्याचं मी इथं लिहून ठेवते, कारण वर्गात सांगायला मला जमलं नाही. वर्गात मी म्हटलं, "ठीक."

मग वावुदा म्हणाली, "तुमचं, बाई?" त्रेचाळीस तोंडं माझ्याकडे. तास संपायला वीस मिनिटं होती. बसून लिहिलं. पाकिटावर ताईचं नाव, डोंगराचं नाव. पत्र टेबलावर गठ्ठ्यापाशी ठेवलं. पाठवायचं की नाही ते नंतर बघू म्हटलं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

आज सकाळी फार राग आला.

माझ्या टेबलावर माझंच पत्र पडलेलं, तपासून. लाल शाईत. पेन मुख्याध्यापिका बाईंच्या खणातून गेलं कसं, त्याची चौकशी मी करणार आहे.

वीसपैकी सहा.

शेरे: "धुक्याचा उल्लेख तीनदा." "कोबीचं पीक दोनदा. पत्र ताईला आहे की कृषी खात्याला?" "मुद्दा अस्पष्ट." "उदाहरण द्या." आणि खाली, माझ्याच वळणाची नक्कल करून: "अक्षर सुंदर. आभार सापडले नाहीत. भेटा. फॉर्म फोर."

पत्र पुन्हा वाचलं. धुकं तीनदा आहे. चौथ्यांदाही आहे, ते त्यांच्या नजरेतून सुटलं.

वर्गावर गेले तेव्हा रागवायचं ठरवलं होतं. पण त्रेचाळीस जण श्वास रोखून बसलेले बघून मला हसूच फुटलं. मी म्हटलं, "सहा म्हणजे जरा सढळ हात झाला." तेव्हा कुठे ती श्वास घ्यायला लागली.

दुसरं पत्र लिहायला बसले. "प्रिय ताई" इथवर आलं. तेवढ्यावर पाच मिळतील.

केळी आली. या वेळची जरा कच्ची आहेत. पण शिजवली की आमच्या घरच्यासारखी लागतात, आईनं मोरीमागं लावली होती तशी. न्याम्बू सरांना जात विचारली तर म्हणाले, "मला काय कळतंय, मी भूगोलवाला."

सोमवार, ९ ऑक्टोबर

पत्र नाही. तपासलेलं, सहा मार्कांचं ते पत्र कुठेच नाही.

शुक्रवारी न्याम्बू सरांनी मुलांची सगळी पाकिटं मोटरसायकलीवरून डोंगरभर वाटली, प्रत्येक घरी, निरोपाच्या दिवसाच्या आमंत्रणासकट. मी त्यांना मैदानात गाठलं.

"माझ्या टेबलावरचं पाकीट नेलंत?"

"पत्ता होता त्याच्यावर."

"ते पाकिटात नव्हतं."

"मग कुणीतरी घातलं असेल. चिकटवलेलं होतं चांगलं."

"आणि ताईनं काय केलं?"

"घेतलं. माझ्यासमोर उघडलं नाही. मला पाणी विचारलं. बांधाबांध चाललीय त्यांची, गाद्या बाहेर होत्या उन्हात."

आठवी शिकून घरी बसलेल्या बहिणीला मी सत्तावीस वर्षांनी आभाराचं पत्र धाडलं, आणि ते धुक्याबद्दल आहे, आणि ते नापास झालेलं आहे. ती काय समजेल? आजीला वाटलं होतं तेच समजेल, आणि बरोबर समजेल. सात तरी होते आजीला.

मी न्याम्बू सरांना म्हटलं, यापुढे तुमची केळी नकोत. त्यांना वाईट वाटलं असावं. वाटू दे.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

समोर ताईच्या घरातून आज धूर निघाला नाही. खिडकीशी चारदा गेले. वर्गात भागाकार उलटा लिहिला आणि वावुदानं दाखवून दिला. मी म्हटलं, "माझं चुकलं." सगळ्या वर्गानं वह्यांतून माना वर केल्या. एवढं काय त्यात.

दुपारी धूर दिसला. मग जेवले.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सगळं नीट लिहिते, एकही पायरी न गाळता.

पालक दहापासून यायला लागले. मैदानात बाकं, पुढे टेबल, टेबलावर पाण्याची बादली आणि मग. पाद्रींनी प्रार्थना केली, बादलीकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. मग मुलं एकेक करून आपल्या माणसासमोर उभी राहिली. त्या शांत मुलाच्या बाबांनी पत्र ऐकलं, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "म्वाकिरेती." मुलगा म्हणाला, "हो बाबा." बस, तेवढंच. अख्ख्या मैदानानं नाकं पुसली. वावुदाच्या आजीनं सांगितलं, की आता वीसपैकी एकोणीस, एक पुढच्या वर्षासाठी शिल्लक. दोन पोरांनी आयत्या वेळी नाव बदलून म्वांदोए बाबांना उभं केलं. ते ॲप्रन काढायला धावले आणि गाठ सुटेना.

ताई साडेअकराला आली. मी तिला फाटकातच ओळखलं. मागच्या बाकावर टोकाला बसली, निळा कांगा पांघरलेला, मांडीवर पाकीट. केस पांढरे झालेत. चार वर्षं रोज तिचं छप्पर बघत होते आणि केस पांढरे झालेले मला माहीत नव्हते.

शेवटचं नाव झालं आणि वावुदा उठून म्हणाली, "आता म्कांबुरी बाई." ठरवून केलेलं होतं. मुख्याध्यापिका बाईसुद्धा खुर्ची पुढे सरकवून बसल्या.

मी उभी राहिले. हातात काही नव्हतं. घसा खरोखरच बसला.

ताई मागून म्हणाली, "थांब. आधी मी."

ती पुढे आली, मग भरला. सगळ्यांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा नवा गणवेश आला त्या सकाळी तो मी इस्त्री केला. तू घातलास, आरशात बघितलंस, बाबांकडे बघितलंस, आईकडे बघितलंस. माझ्याकडे नाही. मी दारातच होते. सत्तावीस वर्षं हे इथं आहे." घोट घेतला आणि फवारा मारला. माझा चेहरा, चष्मा, ठेवणीतला ड्रेस, सगळं भिजलं. "गेलं," ती म्हणाली. "पोर सुखी राहो." आणि मग मला दिला.

मी म्हटलं, "मयतीत तू मला बाईसाहेब म्हणालीस. उशाशी तू बसली होतीस हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला." आणि मग मला माहीत नसलेलंच एक तोंडातून आलं. "आणि तू कधी काही मागितलं नाहीस, ताई. एकदा तरी मागायचंस. मी काय देणार होते कुणास ठाऊक, पण मागितलं असतंस तर मी तुझ्याकडे बघू शकले असते. बघितलं नाही. माझं चुकलं." घोट घेतला. नीट फवारा मारला, आईसारखा. ताईच्या कांग्यावर मोठा डाग पडला.

मग मी म्हटलं, "शाळेबद्दल आभार, ताई. तुझ्या शाळेबद्दल. ती मी शिकले."

ताईनं ओल्या हातानं माझा चष्मा काढून आपल्या कांग्याला पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. आम्ही दोघी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

ताई म्हणाली, "केळी मिळत होती ना?"

"कसली केळी?"

"आईच्या झाडाची. दर पंधरवड्याला देत होते, घरची आहेत म्हणून सांग म्हटलं होतं त्याला. माझं नाव काढलंस तर ती परत पाठवेल, म्हटलं."

मी वळून बघितलं. न्याम्बू सर हात मागे बांधून आभाळाकडे बघत होते, जणू भूगोलाचा तास तिथंच होता. चार वर्षं. शंभराच्या आसपास फण्या होतात. मी त्या केळ्यांना कच्ची म्हणाले होते.

जेवताना ताईनं पाकिटातून पत्र काढलं आणि वावुदाला विचारलं, "हे तपासलं कुणी?" वावुदानं मान खाली घातली. ताई म्हणाली, "सहा जास्त आहेत. पेन आण." लाल पेन आलं. आठवीनंतर तिनं कुणाची वही तपासली असेल असं मला वाटत नाही, पण लहानपणी अंगणात शाळा-शाळा खेळायचो तेव्हा बाई नेहमी तीच व्हायची. तिनं सहावर काट मारली, चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून, खाली सावकाश लिहिलं आणि कागद मला दिला. त्यावर होतं:

"पुन्हा लिही. मोम्बासाला पाठव. दर महिन्याला एक."

रविवार, १५ ऑक्टोबर

काल मांदाझी एकही उरली नाही. म्वांदोए बाबांनी मला रिकामी टोपली मुद्दाम आणून दाखवली.

ताई तीस तारखेला निघणार. आज सकाळी तिच्याकडे जाऊन गाद्या बांधल्या. केळीची बाग तिनं न्याम्बू सरांवर सोपवलीय, माझ्यावर नाही. म्हणाली, "तुला विळा धरता येत नाही." सर म्हणाले, दर पंधरवड्याला जाऊन घड उतरवीन. मी म्हटलं, मीही येईन, एकट्यानं मोटरसायकलीवर घड सांभाळायचा म्हणजे सर्कस होईल. ते हसायला लागले, कारण नसताना. ताईही हसली. या दोघांचं काय चाललंय मला कळत नाही.

पत्र सुरू केलं. "ताई, तू इस्त्री केलेल्या त्या गणवेशाच्या कॉलरला एक चुणी राहिली होती, ती मी वर्षभर बोटानं चाचपायचे." धुकं अजून आलेलं नाही.

उद्या वावुदा विचारेल, बाई, लिहिता का रोज. मी हो म्हणेन.